तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: लेक्चर फुकट मिळतात, आता प्रयोगशाळेचं कुलूप काढा

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार साहेब,

मी कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघतो. शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल, तेही जुनं. ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की सरकारदरबारी नवं पोर्टल, नवं ॲप, नवा स्टुडिओ अशा घोषणा होतात. माझी विनंती उलटी आहे. निदान आमच्या विषयापुरतं, म्हणजे व्हायब्रेशनपुरतं (यंत्रांच्या कंपनांपुरतं), यातलं काहीही काढू नका. लेक्चर हवे तेवढे आहेत आणि फुकट आहेत.

आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने मिळून 2003 साली एनपीटीईएल हा फुकट ऑनलाइन लेक्चरांचा उपक्रम सुरू केला, 2017 मध्ये केंद्राचं स्वयम हे ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आलं. मेकॅनिकल व्हायब्रेशनवर तिथे एकाहून जास्त कोर्स आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीने कंपनं आणि तरंगांचा अख्खा कोर्स नेटवर ठेवलाय, 2016 साली येन-जी ली यांनी शिकवलेला. त्यात गृहपाठ आणि परीक्षेचे पेपरही आहेत. आमच्या वेळी हे असतं तर आमची निम्मी वर्षं वाचली असती.

त्याचा उपयोग काय झाला, तेही सांगतो. आमच्याकडे धूळ खेचणारा एक ब्लोअर आहे. मोटर चार पोलची, 1470 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 1470 फेरे. साठने भागलं की 24.5 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 24.5 फेरे. त्याचं बेअरिंग सारखं जायचं. इम्पेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यांच्या चाकावर, धूळ बसली की बॅलन्स बिघडतो हे आम्हाला पाठ, म्हणून साफ करायचं, बॅलन्सिंग करून घ्यायचं, चार दिवस बरं चालायचं आणि पुन्हा तोच थरथराट. मग फोर्स्ड व्हायब्रेशनच्या, म्हणजे बाहेरच्या धक्क्यांनी होणाऱ्या कंपनांच्या, एका लेक्चरमध्ये तो आलेख नीट बघितला. बाहेरून बसणाऱ्या धक्क्यांची फ्रिक्वेन्सी वस्तूच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीजवळ आली की झोका कसा उसळतो (हाच रेझोनन्स), आणि त्या जागी त्याला आवर घालायला डॅम्पिंगशिवाय, म्हणजे कंपनाची ऊर्जा खाणाऱ्या घर्षणाशिवाय, कोणी नसतं. ब्लोअर बंद केला, मोबाइल बेसफ्रेमवर घट्ट बांधला, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फिफॉक्स हे फुकट ॲप लावलं आणि फ्रेमला लाकडी हातोड्याने ठोका दिला. स्क्रीनवर 25 हर्ट्झच्या आसपास सरळ सुळका उभा! फ्रेमच त्या तालावर बसलेली होती, इम्पेलर बिचारा उगाच शिव्या खात होता. कोपऱ्यांत गसेट, म्हणजे आधाराच्या त्रिकोणी पट्ट्या, मारल्या. ताठपणा दुप्पट झाला तर फ्रिक्वेन्सी 41 टक्के वाढते, कारण वर्गमुळाचा हिशोब आहे. आमची तेवढी वाढली नाही, पण 24.5 पासून पुरेशी लांब सरकली.

म्हणजे लेक्चरवर माझी अजिबात तक्रार नाही. तक्रार आहे ती लेक्चर संपल्यानंतरची. मी बघितलं तेव्हा माझ्यासमोर ब्लोअर होता. आमच्याकडे डिप्लोमाची पोरं ट्रेनिंगला येतात, त्यांच्यापुढे फक्त मोबाइल असतो. दीडपट वेगाने लेक्चर बघतात, समीकरण घडाघडा मांडतात, आणि स्प्रिंगला वजन लावून आवर्तकाल मोजा म्हटलं की स्टॉपवॉच कधी दाबायचं ते विचारतात.

त्यातल्याच एकाने मला टॅकोमाच्या पुलावरून गाठलं. वॉशिंग्टन राज्यातला हा झुलता पूल 1 जुलै 1940 ला सुरू झाला आणि 7 नोव्हेंबरला ताशी 64 किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याची फिल्म दाखवून ‘हा रेझोनन्स’ म्हणण्याची रीत फार पसरलेली आहे. पोरगं म्हणालं, “साहेब, मग वारा काय मोजून ठरावीक फ्रिक्वेन्सीने वाहत होता?” प्रश्न बिनतोड आहे. वारा तसा वाहत नव्हता. पूल पिळला की वाऱ्याचा जोर बदलायचा, बदललेला जोर त्याला आणखी पिळायचा. ऊर्जा वाऱ्याची, ताल पुलाचाच. डॅम्पिंग जणू उणे झालं होतं. आमच्या ब्लोअरसारखं तिथे बाहेरून कोणी हर्ट्झ मोजून धक्के देत नव्हतं. हे त्याला एका निवृत्त प्राध्यापकांनी समजावलं. कागदाची पट्टी एका टोकाला धरून तिच्यावर एकसारखी फुंकर मारली, पट्टी फडफडायला लागली. एवढंच. पण ते करायला समोर माणूस लागतो, आणि तो पोराला आमच्या ओळखीमुळे मिळाला.

साहेब, मेकॅनिकल शिकवणाऱ्या कॉलेजांत व्हायब्रेशनचं उपकरण असतं. स्प्रिंगा, टॉर्शनल पेंड्युलम (पिळून सोडायचा लोलक), तेलाचा डॅम्पर, असंतुलित चकती लावलेली मोटर. मी जिथे जिथे डोकावलो तिथे त्यावर कापड होतं आणि पाचनंतर दाराला कुलूप. जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. यूजीसीच्या 2021 च्या नियमाने पदवीला एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात, त्याचे क्रेडिट मिळतात. बघितल्याला मान्यता मिळाली, चांगलं झालं. हाताने केल्याचं काय?

आणि आमच्या भागातल्या प्रयोगशाळेत जे दाखवता येईल ते एमआयटीलाही जमणार नाही. मिरज इथून तासाभरावर. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुस्तकातला नियम असा की तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरकाचा (मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वराचा) निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारा बिंदू, पडतो, तो स्वरक त्या तारेतून निघू नये. तंबोऱ्यात तो खुशाल निघतो, घोडीची जवारी, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीचा घासून दिलेला बाक, तो काढते. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली हे मांडलं. मिरजेचा एक कारागीर, त्याचा तंबोरा आणि एक मोबाइल एवढ्यावर तरंगांचं अख्खं प्रात्यक्षिक होईल, तेही मराठीत.

म्हणून मागणी एवढीच. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी शासकीय तंत्रनिकेतनांतली ही प्रयोगशाळा उघडी ठेवा. आपल्या विद्यार्थ्यांना आणि आमच्यासारख्या नोकरीवाल्यांनाही येऊ द्या. लेक्चर घरी बघून यायचं, इथे फक्त प्रयोग आणि शंका. शिकवणाऱ्याचे हे तास त्याच्या कार्यभारात धरा, नाहीतर पहिल्या महिन्यात उत्साह संपेल. खर्च प्रामुख्याने शिपायाच्या जादा वेळेचा आणि विजेचा.

मी एका प्राचार्यांकडे हे मागून बघितलं होतं. माणूस भला, चहा पाजला. म्हणाले, “बाहेरच्या कुणाचं बोट मशीनमध्ये गेलं तर उत्तर कोण देणार?” त्यांचं चुकलं नाही, त्यांच्या हातात तसा कागदच नाही. तो शासन निर्णय आपल्या खात्याने काढावा, आणि अपघात विम्याचं कलम त्यात पहिल्यांदा घालावं.

कळावे,
आपला,
शिरोलीतला एक मेंटेनन्सवाला