मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस खुले पत्र : स्टेटसवरून देशभक्ती तपासणे आता थांबवा

महोदय,

हातकणंगले पोलीस ठाण्यात नोंदलेला एक गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2024 रोजी रद्द केला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर 5 ऑगस्टला, म्हणजे कलम 370 रद्द करण्याच्या निर्णयाच्या दिवसाला, ‘काळा दिवस’ म्हटले होते आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. तेवढ्यावर भारतीय दंड विधानाचे कलम 153-अ (गटांत वैर वाढवणे) लागले. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही म्हणून प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. सरकारच्या निर्णयावर टीका करणे हा गुन्हा नाही, दुसऱ्या देशाला शुभेच्छा देण्यातही गैर नाही आणि माणूस विशिष्ट धर्माचा आहे एवढ्यावरून त्याच्या माथी वाईट हेतू मारता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे, असेही त्याच निकालात आहे.

हे शिक्षण ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोहोचलेले नाही. पत्राचे कारण तेच.

प्रकार साधारण ठरलेला असतो. कोणाच्या तरी स्टेटसवर औरंगजेब, टिपू किंवा पाकिस्तानचा झेंडा दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट गावातल्या ग्रुपवर फिरतो आणि तासाभरात ठाण्यासमोर शंभर-दोनशे माणसे जमतात. पोलीस निरीक्षकापुढे तेव्हा कायद्याचा प्रश्न नसतोच, गर्दी घरी कशी जाईल एवढाच असतो. गुन्हा नोंदवला की गर्दी पांगते, म्हणून गुन्हा नोंदवला जातो. दंड विधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची 196 (गटांत वैर वाढवणे) आणि 299 (धार्मिक भावना दुखावणे) ही दोन्ही कलमे दखलपात्र आणि अजामीनपात्र. मोबाइल जप्त होतो, नोकरी जाते, दुकानाला टाळे लागते. जून 2023 मध्ये कोल्हापुरात तर गुन्हे नोंदवूनही जमाव पांगला नाही. बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, स्टेटसशी काडीचा संबंध नसलेल्यांची दुकाने फुटली. गर्दीच्या दबावाखाली लिहिलेली फिर्याद पुढच्या गर्दीला आमंत्रण देते.

खरे तर यावर उपाय कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) नुसार, तीन वर्षे किंवा त्याहून जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. 196 आणि 299 ही कलमे यात बसतात. 28 मार्च 2025 रोजी एका कवितेवरून नोंदलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की लिहिलेल्या किंवा बोललेल्या शब्दांवरून तक्रार आली तर आधी हीच चौकशी करणे योग्य. शब्दांचा परिणाम मोजायचा तो कणखर आणि विचारी माणसाच्या मापाने. ज्याला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो त्याच्या मापाने मोजायचा नाही. चौकशीत तीन गोष्टी पाहाव्यात : पूर्ण मजकूर काय आहे, तो कोणाला उद्देशून आहे आणि दोन गटांत वैर पेटवण्याचा हेतू दिसतो का. कापलेला स्क्रीनशॉट यांपैकी एकाचेही उत्तर देत नाही. कलम 299 ला तर ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ ही अट आहे. ऐतिहासिक व्यक्तीचे नुसते चित्र लावल्याने ती पूर्ण होत नाही, मग ती व्यक्ती आम्हाला किंवा आपल्याला कितीही नावडती असो.

स्टेटस ठेवणारा अनेकदा शाळकरी मुलगा असतो, आणि तिथे गफलत आणखी मोठी होते. बाल न्याय नियमांनुसार अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर मुलावर एफआयआर नोंदवायचाच नसतो. माहितीची नोंद स्टेशन डायरीत करायची, सोबत सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल जोडून ती बाल न्याय मंडळाकडे पाठवायची. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याची ओळख उघड करणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. तरीही मुलाचे नाव आणि फोटो आधी मोबाइलवर फिरतात, मंडळापुढे कागद नंतर जातो.

मग चौकातला तमाशा. मुलाला गुडघ्यावर बसवायचे, हात जोडायला लावायचे, घोषणा वदवून घ्यायच्या आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा. पाच किंवा अधिक जणांनी मिळून हे केले तर तो बेकायदेशीर जमाव होतो. अडवून ठेवणे हाही दखलपात्र गुन्हा आहे. पुरावा चित्रित करून देण्याची तसदी आरोपींनी स्वतःच घेतलेली असते. इतकी तयार फिर्याद पोलिसांना क्वचितच मिळते, पण तिच्यावर कारवाई त्याहून क्वचित होते.

घोषणा म्हटलीच पाहिजे असा कायदा या देशात नाही. 1986 मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावले. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. ती मुले ख्रिस्ती पंथाची होती. हे मुद्दाम सांगतो, कारण हा हक्क जणू मुस्लिमांसाठी काढलेली पळवाट आहे असे बोलले जाते. आपल्या विधानसभेने 16 मार्च 2016 रोजी ‘भारत माता की जय’ म्हणत नाही म्हणून एमआयएमचे आमदार वारिस पठाण यांना निलंबित केले. ते ‘जय हिंद’ म्हणायला तयार होते. काँग्रेस आणि राष्ट्रवादीनेही त्या निलंबनाला पाठिंबा दिला, त्यामुळे हा रोग एकाच पक्षाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही.

आता बुलडोझर. 23 फेब्रुवारी 2025 च्या भारत-पाकिस्तान सामन्यात देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला आणि दुसऱ्याच दिवशी मालवणात एका कुटुंबाचे भंगाराचे दुकान पाडले गेले. 13 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो : नोंदणीकृत टपालाने नोटीस, किमान 15 दिवसांची मुदत, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह अंतिम आदेश, त्यानंतर आणखी 15 दिवस आणि पाडकामाचे चित्रीकरण. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, जलाशय यांसारख्या सार्वजनिक जागेवरचे अतिक्रमण आणि न्यायालयानेच दिलेला पाडण्याचा आदेश एवढेच अपवाद. एका दिवसात यातली पहिली पायरीही पूर्ण होत नाही. मार्च 2025 मध्ये नागपुरात दंगलीतल्या आरोपीचे घर पाडल्यावर महापालिका आयुक्तांना उच्च न्यायालयात बिनशर्त माफी मागावी लागली. या निकालाची माहितीच नव्हती, असा खुलासा होता. निकालाला तेव्हा चार महिने झाले होते.

पाडकाम नगरविकास खात्याचे, हे आम्हाला माहीत आहे. बंदोबस्त मात्र आपल्या खात्याचा असतो. अंतिम आदेशाची प्रत आणि नोटिशीची पोच हातात आल्याशिवाय बंदोबस्त द्यायचा नाही, एवढा एक आदेश काढलात तरी मालवणची पुनरावृत्ती टळेल.

दुसऱ्या बाजूचेही बोलू. खरोखर हिंसेला चिथावणी देणारा मजकूर असेल तर कारवाई झालीच पाहिजे, लिहिणारा कोणत्याही धर्माचा असो. पण 28 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांच्या पोलिसांवर बंधन घातले, की द्वेषपूर्ण भाषणाबद्दल तक्रारीची वाट न पाहता, धर्म न पाहता गुन्हा नोंदवायचा. मुस्लीम दुकानदारांवर बहिष्कार टाकण्याची हाक व्यासपीठावरून, ध्वनिक्षेपकावरून, पोलिसांच्याच कॅमेऱ्यासमोर दिली जाते तेव्हा मात्र ‘तक्रार आली तर पाहू’ असे उत्तर मिळते.

आपल्या हातात आणखी एक चावी आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. न्याय संहितेच्या कलम 196, 299 आणि 152 (देशाचे सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणणे) खालच्या खटल्याची दखल न्यायालय शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय घेऊ शकत नाही. तशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 217 मध्ये आहे. राज्याच्या मंजुरीची फाइल आपल्याच खात्यातून जाते. न्याय संहिता लागू झाल्यापासून, म्हणजे 1 जुलै 2024 पासून, या तीन कलमांखाली किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि एकेकाला किती महिने लागले, हे जिल्हावार आकडे येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावेत, ही विनंती.

आपले,
फौजदारी आणि संविधानिक प्रकरणांत काम करणारे काही वकील