चोडणच्या फेरीवरच्या काकांना

काका, नमस्कार.

तीन वर्षं झाली तरी तुमचं नाव मला माहीत नाही. मागे पुण्याच्या मावसबहिणीला मेसेज केलेला की आमचे फेरीवाले काका एकदम भारी आहेत, तर ती विचारते भाजी विकतात काय ते. तिला काय माहीत आमच्या गोव्यात फेरी म्हणजे बोट, चोडण बेटावरून नदीपलीकडे रायबंदरला माणसं-गाड्या नेणारी.

पेपर संपले, आता कॉलेजचा शेवटचा आठवडा चाललाय. सोमवारी शर्टांवर सह्या, मंगळवारी लायब्ररीचं नो ड्यूज, काल साड्या. स्टेजवर सगळ्यांनी सरांचे आभार मानले, कॅन्टीनच्या मावशीचे पण मानले, आणि मी माईक घेऊन गप्पच उभी राहिले कारण मला आधी तुम्हीच आठवलात आणि तिथे सांगितलं असतं तर पोरं हसली असती. म्हणून इथे लिहिते.

एफवायचा पहिला पावसाळा आठवतो? सुकती (ओहोटी) होती, रॅम्प असला उतरता झालेला आणि वर शेवाळ, माझी स्कूटर नवीन, मागे हॉर्नवर हॉर्न. मी मधेच ब्रेक मारला आणि गाडी पुढे घसरायला लागली. तुम्ही हातातला दोर टाकून मागून कॅरियर धरलात आणि ओरडलात, "बाय, ब्रेक मारूं नाका!" पलीकडे रायबंदरला पोचेपर्यंत माझे पाय थरथरत होते आणि तुम्ही काही झालंच नाही असे केबिनला टेकून चहा पीत होतात. दुसऱ्या दिवसापासून पाणी उतरलेलं असलं की तुम्ही नुसता हात वर करायचात, म्हणजे थांब, पुढची गाडी वर जाऊ दे, मग ये. घरी बाबांनी महिनाभर शिकवून जे आलं नाही ते त्या हातामुळे आलं (बाबांना सांगू नका).

आणि ती फाईल. माझा इतिहासाचा प्रोजेक्ट रायबंदर ते पणजीच्या कॉजवेवर होता, पोंते द लिन्यारीस, 1633-34 मध्ये बांधलेला, 3.2 किलोमीटर, अजून त्यावरून बसेस जातात. सबमिशनच्या आदल्या दिवशी बाइंडिंग केलेली कॉपी बाकावर विसरून मी घरी. रात्री लक्षात आलं तेव्हा रडूच फुटलं. सकाळी धावत धक्क्यावर आले तर तुम्ही केबिनमधून मासळीच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल काढून दिलीत. सर वास घेऊन म्हणाले, फील्डवर्क जोरात दिसतंय. वर तुम्ही म्हणालात की चारेक पानं वाचली, पण तो पूल जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी झाला, मग चोडणला अजून का नाही ते लिहिलंच नाहीस. बरोबर आहे. पण पूल झाला तर तुम्ही कुठे जाणार, म्हणून मी तो विषय सोडून दिला, खरं सांगते.

काल मडगावच्या तिघी मैत्रिणी साड्या नेसून आल्या, त्यांना घरी जेवायला आणलं. चालत येणाऱ्याला तिकीटच नाही हे ऐकून त्या खूश, मग परत रायबंदर, परत चोडण, उगीचच दोन खेपा. सलीम अली अभयारण्याच्या खारफुटीकडे बघत रील काढताना एकीचा पदर साखळीत अडकला तो तुम्हीच सोडवलात, वैतागून. त्या तुमच्यावर फिदा आहेत.

आईने नाचणीचा केक केलाय. शनिवारी सकाळच्या पाळीला असाल तर स्टीलचा डबा हातात देते. केक बाकीच्यांना पण द्या, डबा तेवढा परत द्या, आईचा आहे.

तुमची,
निळ्या स्कूटरवाली