आबांच्या पाचशेचं टायमिंग

उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय भावा,

आबांची बुलेट पाचशे परत माझ्या स्टँडवर चढली आहे. बाकीचं नंतर, आधी हे ऐक. घरात सांगायला गेलं तर "गाडीच ती, होईल दुरुस्त" म्हणतात, आणि गॅरेजातल्या पोरांनी आबांना बघितलेलंच नाही. सांगायचं कुणाला?

तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच. पंचगंगा उतरली, चिखल आहे.

तर आबांच्या नातवानं गाडीला परफॉर्मन्स कॅम घातले, व्हॉल्व्हची उघडझाप करणारे. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही, बाहेरून मागवलेले, लिफ्ट जास्त, ड्युरेशन जास्त, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. बसवले दुसऱ्या एका गॅरेजात. तिथून बाहेर पडल्यापासून गाडी आयडलिंगला उभी राहीना. थ्रॉटल सोडला की बंद, कार्ब्युरेटर पेट्रोल थुंकतोय, सायलेन्सरमध्ये बार. त्यांनी जेट बदलले, प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, आणि शेवटी पॉइंटची प्लेट फिरवून ॲडव्हान्स वाढवला, म्हणजे स्पार्क आणखी लवकर. आयडलिंग जरा धरलं, पण किक उलटी मारायला लागली. पोराचा घोटा असा सुजला की चप्पल चढेना. आता लांब ड्युरेशनच्या कॅमला आयडलिंगला थोडा जादा ॲडव्हान्स लागतो हे खरंच आहे. ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असायचा वेळ, वाढला की जळका वायू आत राहतो, मिश्रण सावकाश पेटतं. पण म्हणून मूळ दुखणं न शोधता स्पार्क पुढे ओढत न्यायचा? मला रागच आला. आबा असते तर पाना फेकून मारला असता.

मी प्लेट मागं आणली, पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये बसवला, आणि पहिल्यांदा कॉम्प्रेशन गेज लावला. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किका मारल्या. मोठ्या कॅमला आकडा थोडा पडणारच, कारण इनटेक उशिरा मिटतो आणि वर येणारा पिस्टन थोडा माल परत ढकलतो. इथं पडला होता तो तेवढाच, आणि दर वेळी तोच. म्हणजे इनटेक आपल्या वेळेला मिटत होता. माझा संशय तिथंच एक्झॉस्टवर गेला. बुलेटचे दोन कॅम दोन वेगळ्या गिअरवर. एक बरोबर आणि दुसरा चूक, असं तिच्यात होऊ शकतं.

टायमिंग कव्हर उघडलं, तर गिअरवरच्या खुणा अगदी समोरासमोर. ठिपक्याला ठिपका, रेघेला रेघ.

आता तू काय म्हणणार ते मला इथं बसून ऐकू येतंय. "खुणा जुळल्या ना, मग टायमिंग झालं, झाक कव्हर!" कागलच्या त्या साडेतीनशेवरून आपण याच वाक्यावर भांडलो होतो आणि मिसळ अर्धी टाकून तू उठून गेला होतास. त्या मिसळीचे पैसे मीच दिले, तेही लक्षात ठेव. कंपनीच्या गिअरला तुझं म्हणणं चालून जातं, मी कधी नाही म्हणालो नव्हतो. पण हा गिअर कंपनीचा नव्हता, आणि त्यावरची खूण कुणीतरी ठोकलेली होती.

म्हणून मोजायला बसलो. जुन्या प्लगचं चिनी मातीचं पोट फोडलं, कवचात बोल्ट बसवला आणि त्याचा स्टॉपर केला. प्रायमरी उघडून रोटरच्या नटावर डिग्री व्हील, म्हणजे अंशांची चकती, चढवलं, बाइंडिंग तारेचा काटा केला. पिस्टन हळूच एका बाजूनं स्टॉपरला टेकवायचा, आकडा घ्यायचा, मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूनं टेकवायचा. दोन्हीचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टनची सगळ्यात वरची जागा. वरून ड्रायव्हर घालून अंदाजानं काढलेला टीडीसी या कामाला चालत नाही. पिस्टन वर थबकतो, तेवढ्यात व्हील दोन-चार अंश फिरून जातं. मग स्टॉपर काढून डायल गेजची सुई व्हॉल्व्हच्या टोपीवर टेकवली. लोबचं, म्हणजे कॅमच्या उंचवट्याचं, टोकही थेट मोजता येत नाही, तिथं सुई तशीच थांबते. टोकाच्या अलीकडे आणि पलीकडे सुई सारखीच खाली आली की ते दोन कोन घ्यायचे आणि मध्य काढायचा.

इनटेकचा मध्य कॅमच्या कार्डावरच्या आकड्याबरोबर जुळला. एक्झॉस्टचा पुरता एक दात मागं! म्हणजे एक्झॉस्ट मिटायला उशीर, इनटेक उघडून बसलेला, पिस्टन खाली जाताना सायलेन्सरमधला जळका वायू परत आत ओढणार. कॅम एक अंश चुकला तर क्रँकवर दोन अंश होतात, इथं तर अख्खा दात. आयडलिंग राहील कसं? मी पुन्हा मोजलं. तेच. खूण ठोकणाऱ्यानं दात चुकवला होता आणि सगळेजण त्या खुणेला हात जोडून बसले होते.

दात पुढं घेतला, पण किक मारायची हिंमत होईना. लिफ्ट वाढलेली, पिस्टन आबांनी स्वतः बसवलेला. व्हॉल्व्ह त्याला टेकला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. पोरीच्या दप्तरातला क्ले घेतला, व्हॉल्व्हच्या खाचांत थापला, वरून तेलाचं बोट फिरवलं, हेड आवळलं, पुशरॉड बसवले आणि क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला. हेड काढून क्ले ब्लेडनं कापला. व्हॉल्व्हच्या कडेचा चंद्रकोरीसारखा ठसा उमटला होता, आणि सगळ्यात पातळ जागी व्हर्निअरनं दोन मिलिमीटरच्या वर भरला. तेव्हा कुठं श्वास सोडला. पुशरॉड गार इंजिनावर बोटांनी सहज फिरतील पण वरखाली हलणार नाहीत, असे बसवले. आबांची पद्धत.

पहिल्या किकेला लागली. आवाज तुला ऐकवायला हवा होता. शेजारचा लेथवाला मशीन बंद करून बाहेर आला.

पण काम संपलेलं नाही, आणि माझी झोप उडालीय ती यासाठीच. पन्हाळ्याला घेऊन गेलो. वाघबीळपर्यंत मस्त, पुढं चढाला टॉपमध्ये थ्रॉटल दिला की इंजिन खडखडतंय. टॅपेटचा आवाज नव्हे, नॉकिंगच, मिश्रण अवेळी भडकतंय. व्हील लावलेलं असतानाच मी रोटरवर टीडीसीची आणि पूर्ण ॲडव्हान्सची खूण करून ठेवली होती. टायमिंग लाइट मारला तर खूण सावकाश सरकत नाही, जरा रेस दिला की एकदम शेवटाला जाऊन बसते. रेसप्रमाणे स्पार्क पुढं नेणाऱ्या ॲडव्हान्स युनिटची वजनं मोकळी आहेत, स्प्रिंगा मेल्यात. बाजारात मिळतात त्या दोन जोड्या लावून बघितल्या, त्यापेक्षा रबर बँड बरा. बेस टायमिंग मागं घेऊन खडखड घालवता येईल, पण मग खालची ताकद जाते आणि आयडलिंग पुन्हा रडतं. तसं करून गाडी द्यायला माझं मन तयार नाही. आणि असाच खडखडत नातू आंबोलीला गेला तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागणार नाही.

तुझी चाकणची बदली झाली का पक्की? वहिनींना नमस्कार सांग. छोटीचं दहावीचं वर्ष ना, उगाच मागं लागू नकोस तिच्या. दिवाळीला या सगळे, पांढरा रस्सा माझ्याकडं.

आता मुद्द्याचं. तुझ्या साडेतीनशेचं जुनं ॲडव्हान्स युनिट तू आबांकडून मागून घेतलं होतंस, स्प्रिंगा न ताणलेलं. ते तुमच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात असणार, डायनॅमोच्या ब्रशांबरोबर. काकू मला माळ्यावर चढू देत नाहीत, मागच्या वेळचं पापडांचं प्रकरण त्या विसरलेल्या नाहीत. त्यांना फोन करून सांग, रविवारी सकाळी येतो. आणि त्या युनिटची वजनं पाचशेला चालतील की फक्त स्प्रिंगा घ्यायच्या, ते मला लगेच कळव. तोवर मी कव्हर लावत नाही.

तुझा,
बापू