मानसिक आरोग्याचं नर्सिंग शिकलेल्याला त्याच वॉर्डात राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत बारावीनंतरच्या नर्सिंगवर अर्धं पान आलं होतं, सीईटी, फी, हॉस्टेल, परदेशातला पगार सगळं होतं, पण मानसिक आरोग्य नर्सिंगवर एक ओळसुद्धा नव्हती. मी तेच शिकतोय म्हणून जरा लागलं. म्हटलं लिहून टाकावं, छापलंत तर छापलंत.

मी मालवण तालुक्यातला. बी.एस्सी. नर्सिंग केलं, मग वॉर्डात ब्रदर म्हणून नोकरी केली, आता एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि स्पेशालिटी मानसिक आरोग्य. गावात कळलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे तू आता खुळ्यांचो डॉक्टर होतलस काय?" दुसरा प्रश्न मला कोणी विचारला नाही, आईला विचारला, की आता ह्याला मुलगी कोण देणार. असो, तो माझा प्रॉब्लेम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, मग चार वर्षांचं बी.एस्सी., आठ सेमिस्टर, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा. पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरला मेंटल हेल्थ नर्सिंग असतं, थोडी थिअरी, थोडं पोस्टिंग, की झालं. पुढे ह्यातच राहायचं असेल तर एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा नाहीतर दोन वर्षांचं एम.एस्सी., आणि एम.एस्सी.ला बी.एस्सी.नंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. ब्रिटनमध्ये डायरेक्ट मेंटल हेल्थ नर्सिंगचीच डिग्री घेता येते, तीन वर्षांची, एकूण ४६०० तास आणि त्यातले निम्मे पेशंटमध्ये. आपल्याकडे आधी सगळं शिका मग हे. मला विचाराल तर आपली पद्धत वाईट नाही, कारण मनाचा पेशंट म्हणून आलेल्या माणसाला शुगरपण असते आणि बीपीपण असतं, आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं कारण सगळे म्हणतात हा सायकियाट्रीचा आहे.

लोकांना वाटतं हे काम म्हणजे धरून ठेवणं आणि गोळ्या गिळल्या का ते तोंड उघडून बघणं. ते असतंच, नाही म्हणत नाही, पण एक उदाहरण देतो. भास-भ्रम आणि आक्रमकपणा आवरायला देतात त्या हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिल्यावर काही पेशंटना, जास्त करून तरुण पोरांना, काही तासांत नाहीतर एकदोन दिवसांत मान एका बाजूला वळून अडकते, जबडा आवळतो, डोळे वर जाऊन तिथेच राहतात. बघायला भयंकर दिसतं. आता आमच्याकडचे नातेवाईक हे बघून काय म्हणणार, बाहेरचंच आहे, आम्ही आधीच सांगत होतो, डॉक्टर, सोडा आम्हाला, देवळात गाऱ्हाणं घालायचंय, भगताकडे न्यायचंय. आणि पेशंट उचलून नेतात, औषध बंद, मग सहा महिन्यांनी पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत परत. खरं तर तो औषधाचा साइड इफेक्ट, डिस्टोनिया म्हणतात, फेनर्गनचं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते. ज्याला हे माहीत आहे असा एक माणूस त्या वेळी कॉटजवळ पाहिजे, आणि त्याने घरच्यांना इंजेक्शनच्या आधीच सांगून ठेवलेलं पाहिजे की असं होऊ शकतं, घाबरू नका. डॉक्टर राउंड घेऊन गेलेला असतो, तिथे नर्सच असते.

दुसरं, हे फक्त मानसिक वॉर्डातच लागतं असंही नाही. ऑर्थोच्या वॉर्डात पाय मोडून आलेला एक रापणीवरचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचा) माणूस बघितलाय, दोन दिवस एकदम शांत, तिसऱ्या रात्री उठून बसला आणि चादर दोन्ही हातांनी खेचायला लागला, "ओढा रे, ओढा" म्हणून शेजारच्या पेशंटवर ओरडतोय, अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत. सगळे म्हणाले ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला, बांधा. मेंटल हेल्थचा डिप्लोमा केलेल्या एक सिनियर सिस्टर त्या रात्री ड्युटीवर होत्या, त्यांनी बायकोला एवढंच विचारलं की ह्यांनी शेवटची कधी घेतली होती. रोजची दारू अचानक बंद झाली की दुसऱ्या तिसऱ्या दिवशी हे होतं, आणि वेळेत ओळखलं नाही तर माणूस दगावतो. ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन म्हणजे बी१ व्हिटॅमिन, मग शांत करणारं लोराझेपाम, दिवा चालू ठेवा, बायकोला जवळ बसवा. चार दिवसांनी तोच माणूस चहा मागत होता आणि त्या रात्रीचं त्याला काही आठवत नव्हतं.

लिथियमचंपण तसंच. बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी फार चढतं कधी फार खचतं त्यात, हे औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.२ mEq/L मध्ये ठेवायचं असतं, आणि आमच्या किनाऱ्यावर मे महिन्यात माणूस आंब्याच्या बागेत दिवसभर घामाने निथळतो, वर जुलाब लागले किंवा मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून चार दिवस खाल्ली की हे प्रमाण वाढतं. हात कापतात, उलट्या, तोल जातो, बोलणं अडखळतं. गावात म्हणतात पिऊन आलाय. हे घरच्यांना समजावून सांगायचं, पाणी आणि मीठ कमी पडू द्यायचं नाही, अशी लक्षणं दिसली की पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरला दाखवायचं, हे सगळं नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहे. आम्हाला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणून एक प्रकार असतो, पेशंट जे बोलला ते शब्द न शब्द लिहायचं, आपण काय बोललो ते लिहायचं, आणि तिसऱ्या कॉलममध्ये आपल्याला त्या वेळी काय वाटलं ते. सुरुवातीला फार वैताग येतो. पण आपण समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सल्ला द्यायला किती धावतो ते कागदावर दिसतं.

आता मुद्द्यावर येतो. एवढं शिकून माणूस जातो कुठे? बहुतेक एम.एस्सी. झालेले कॉलेजात ट्यूटर होतात, म्हणजे ज्यांनी पेशंटजवळ असायला हवं ते फळ्याजवळ. त्यांना दोष नाही, वॉर्डात त्या जादा शिक्षणाची किंमत काय मिळते? सरकारी नोकरीत डिप्लोमा केलेल्या सिस्टरची ड्युटी लागते तशी लागते, आज लेबर रूम, सहा महिन्यांनी डायलिसिस. त्या ऑर्थोवाल्या सिस्टर ऑर्थोत होत्या त्यामुळे त्या माणसाचं नशीब, पण त्याच हॉस्पिटलच्या मानसिक वॉर्डात त्या वेळी हे शिकलेलं कोणीच नव्हतं. आणि कायदापण ह्यात मदत करत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा चांगला आहे, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न धरता तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं हे त्यात आहे, भूल न देता शॉक देण्यावर बंदी आहे. पण मानसिक आरोग्य नर्स कोणाला म्हणायचं ह्याच्या व्याख्येत जनरल नर्सिंगचा डिप्लोमा किंवा डिग्री घेऊन नर्सिंग कौन्सिलला नोंद असलेलीपण चालते. मग प्रशासन म्हणणार, आहेत की नर्स, वेगळी कशाला? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकियाट्रिक नर्सची जागा असते खरी, पण ती बहुतेक कंत्राटी, आणि अख्ख्या जिल्ह्याला अशा जागा किती हे तुम्हीच बघा.

इथे कोकणात अंतराचा प्रश्न वेगळाच. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, इंग्रजांच्या काळापासूनचं, आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटायला हवा, पण मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाला तिथे एसटीने जायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून आमच्याकडचे बरेच लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. जे जाऊ शकत नाहीत ते नारळ ठेवतात आणि घरातल्या माणसाला मागच्या खोलीत ठेवतात. चाकरमानी गणपतीला आला की त्याला कळतं की काकी दोन वर्षं बोलत नाहीये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं निघालं, आणि त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे आपलं तर त्यात मोजलेलंसुद्धा नाही. मानसिक त्रासासाठी सरकारची फोन हेल्पलाइन आहे, टेली मानस, तिचा १४४१६ नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, तो जरूर छापा. पण फोनवरचा माणूस मान अडकलेली बघू शकत नाही.

सायकियाट्रिस्ट एका रात्रीत प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही हे मलापण कळतं. शिकलेली नर्स मिळू शकते, ती इथलीच असते, तिला मालवणी येते, अवसार (अंगात देव येणं) आणि देवस्की (देवाधर्माचे, बाहेरच्या बाधेचे उपाय) म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागत नाही, आणि भगताशी भांडण न काढता "गाऱ्हाणं पण घाला आणि गोळी पण चालू ठेवा" एवढं ती घरच्यांच्या गळी उतरवू शकते. त्यासाठी आरोग्य खात्याने दोनच गोष्टी कराव्यात. ज्याने ह्या विषयाचा डिप्लोमा किंवा एम.एस्सी. केलंय त्याची ड्युटी आणि बदली ह्याच कामात व्हावी, आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात अशी एक तरी कायमची जागा असावी, जिथे बसलेली नर्स महिन्यातून एकदा गावात जाऊन गोळ्या बंद केलेल्या पेशंटच्या घरी चौकशी करेल. आमच्या आमदारांनी बदल्यांच्या याद्या लागायच्या आधी हे एकदा सभागृहात विचारावं.

माझा कोर्स संपला की कॉलेजात शिकवायला बोलावणं येईलच, सिनियरांना आलं तसं. मला वॉर्डात यायचंय. जागा काढा, मी अर्ज करतो.

आपला,
एम.एस्सी. नर्सिंगचा एक विद्यार्थी, ता. मालवण
(नाव छापू नये, आईची विनंती आहे)