‘आधी फायली बघा’ म्हणणाऱ्या दादांस

दादा, सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही मला काकू म्हणता, वयाने माझ्या मुलाएवढे असाल, तरी हे पत्र अहो-जाहो करूनच लिहिते आहे. तुमच्याआधी जे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले भेटले ते सारखं मॅडम मॅडम करत होते, आणि मॅडमचं एक वाक्य पुरतं ऐकून घ्यायला त्यांना सवड नव्हती.

ऐन लग्नसराईत डीटीपीवालीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका-पुस्तकं जुळवणारीचा, कॉम्प्युटर बसला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. विंडोजचं चिन्ह यायचं, रंग फिरायला लागायचे, निळा पडदा क्षणभर चमकायचा आणि मशीन परत पहिल्यापासून सुरू. पहिल्या दुकानात कॅबिनेटचा स्क्रूसुद्धा काढला नाही. सुरुवातीला काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येऊन ‘एफ१ दाबा’ असं दिसत होतं. मी बोट ठेवून दाखवलं. त्याने एफ१ दाबलं आणि म्हणाला, हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल. मग डेटाचं काय? “डेटा विसरा, मॅडम.” दुसरा त्याच्याही पुढचा. विंडोज सेव्हनचा सपोर्ट २०२० च्या जानेवारीतच संपलाय, हे भंगारात घाला, असं म्हणत त्याने नव्या मशीनचं कोटेशनच पुढे केलं. सपोर्ट संपला ते मलाही ठाऊक आहे हो. पण मी ज्यात पानं जुळवते त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि माझी जुनी गिऱ्हाइकं अजून त्याच फायलींत दुरुस्त्या मागतात. फॉन्टही युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीचे. ही घडी मोडायची तेव्हा मी मोडेन, कुणाचा माल खपावा म्हणून नाही.

खरं तर पत्रिकांचं मला एवढं नव्हतं. पत्रिका रात्र जागून पुन्हा जुळवता येते. आत वाचनालयाच्या शताब्दीची स्मरणिका होती. घरोघर फिरून जमवलेले जुने फोटो स्कॅन करून ज्याचे त्याला परत दिले होते. ते पुन्हा मागायला कुठल्या तोंडाने जाणार?

तुम्ही मशीनला काय झालंय हे विचारलंच नाही. विचारलंत, “काकू, यात आहे काय?” मी सांगितलं. तुम्ही हार्ड डिस्क काढलीत, तुमच्या मशीनला केबलने जोडलीत, स्क्रीन माझ्याकडे वळवलीत आणि स्टूल पुढे सरकवलंत. “आधी तुमच्या फायली बघून घ्या. दुरुस्तीचं मग बघू.” पहिलाच फोटो उघडला तो वाचनालयाच्या पायऱ्यांवरचा. टोपीवाली मंडळी ओळीने बसलेली, आणि पुढे एक पोरगं, ऐन वेळी हललेलं, त्यामुळे चेहरा फराटल्यासारखा आलेला. ते पोरगं दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मागे प्रिंटर घेऊन उभा असलेला माणूस घाई करत होता. त्याला तुम्ही एवढंच म्हणालात, “थांबा जरा, काकूंचं बघून होऊ दे.” आणि माझं बघून झाल्यावर ते सगळं फोल्डर आधी कॉपी करून ठेवलंत.

पुढचं मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. मेन स्विच बंद केला की घड्याळ मागे जातं का, असं तुम्ही विचारलंत. जातच होतं, कित्येक महिने. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपलेली. ती संपल्यामुळे बोर्ड स्वतःच्या सेटिंग विसरला होता. डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं, तेही त्यातच गेलं. म्हणून विंडोजला आपलीच डिस्क सापडत नव्हती. डिस्क धडधाकट होती! एफ१ चा तो संदेश नेमकं हेच ओरडून सांगत होता, आणि ज्याने तो वाचायचा त्याने तो पुढे ढकलला. बॅटरी मिसळीच्या प्लेटपेक्षा स्वस्त. बदललेली सेटिंग तुम्ही चिकटपट्टीवर पेनाने लिहून कॅबिनेटच्या पत्र्याला आतून लावलीत, पुढच्या वेळी कुणीही उघडलं तरी कळावं म्हणून.

मी या धंद्यात आले तेव्हा छपाईची धातूची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवायचे दिवस संपत आले होते, पण छपाईचं ट्रेडल मशीन चालू होतं. ते अडलं की म्हातारे मिस्त्री यायचे आणि हत्यारांची पिशवी उघडण्याआधी चालवणाऱ्याला विचारायचे, आवाज कसा आला, कागद कुठे अडकला. जो रोज मशीनपाशी उभा असतो त्याला काहीतरी ठाऊक असतं, असं ते धरून चालायचे. हल्ली दुकानात काउंटरपलीकडच्या बाईला काही ठाऊक नसणार, असंच धरून चालतात. वर आवाज चढवून बोलतात. तुमच्याकडे हे शिक्षण कुठून आलं कोण जाणे, पण घरात कुणीतरी नीट वागणारं असणार.

आणखी एक आवडलं. मी हातात जास्तीचे पैसे ठेवत होते, ते घेतले नाहीत, पण मजुरी पूर्ण घेतलीत. उपकार केल्याचा आव नाही. डिस्क आज चांगली असली तरी जुनी आहे, सगळ्याची एक प्रत बाहेर ठेवा, हेही तोंडावर सांगितलंत. त्यासाठी डिस्क मी तुमच्याकडूनच घेणार आहे, कुठली ते तुम्हीच ठरवा.

आणि हो, तुम्ही पावती वहीच्या कागदावर लिहून दिलीत. एवढं काम करणाऱ्या माणसाकडे बिलबुक नाही, हे बरं दिसत नाही. या एकदा, छान जुळवून देते. पैसे मीही पूर्ण घेईन.

आपली,
स्मरणिकेवाल्या काकू