माझ्या पुतण्याला एड्स नाही, साहेब

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. पत्राखाली नाव घालत नाही, कारण माझं नाव कळलं की माझ्या पुतण्याचंही कळेल आणि ते कुणाला सांगायचं हा त्याचा अधिकार आहे. त्याला हे पत्र वाचून दाखवलं. तो "पाठवा काका" म्हणाला, म्हणून पाठवतोय.

मागच्या पावसाळ्यात गाडी घसरून त्याचा हात मोडला. आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या आधी त्यानं स्वतःच्या तोंडानं डॉक्टरांना सांगितलं की मला एचआयव्ही आहे, लहानपणापासून गोळ्या चालू आहेत. अर्ध्या तासात केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं दोन शब्द आले, 'एड्स पेशंट', आणि खाली दोन रेघा. ती फाइल खाटेच्या पायथ्याला अडकवलेली होती. शेजारच्या म्हाताऱ्याचा नातू दहावीतला, त्यानं वाचलं. संध्याकाळपर्यंत त्या लोकांनी खाट बदलून घेतली.

घरी आल्यावर पोरगं आठ-दहा दिवस धड बोललं नाही. पुढं माझ्या बायकोला ज्वारीच्या कणगीमागं गोळ्यांची बाटली सापडली. सील तसंच. विचारलं तर म्हणाला, "काकू, एचआयव्ही हाय म्हणून गोळी खात होतो. आता डॉक्टरनंच एड्स लिहिलंय. मंग खाऊन काय करायचं?" तेवीस दिवस त्यानं गोळी घेतली नव्हती.

साहेब, आमच्या भागात दोन्हीला एकच समजतात. पारावर, बाजारात, लग्न जुळवताना, सगळीकडं 'त्याला एड्स हाय' एवढंच. गावाला दोष देत नाही. पण दवाखान्यातल्या माणसानं तसं लिहावं? एचआयव्ही हा विषाणू आहे. एड्स ही त्या विषाणूवर उपचार न झाल्यानं शेवटी येणारी अवस्था आहे. मी फार शिकलेलो नाही, पण हा फरक माझ्या घरात दोनदा उभा राहिलेला मी पाहिलाय.

माझा थोरला भाऊ कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. लागण कुठून झाली ते मी कधी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. अंगात विषाणू शिरल्यावर दोन ते चार आठवड्यांत काही जणांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं, आणि आपोआप जातं. सुरुवातीचे काही आठवडे तपासणीतही तो सापडेलच असं नाही. मग सगळं गप्प. उपचार नसले तरी बहुतेक मोठ्या माणसांची आठ-दहा वर्षं तशीच निघतात. माणूस जेवतो, काम करतो, फड गाजवतो. आत मात्र विषाणू सीडीफोर नावाच्या पांढऱ्या पेशी संपवत असतो. रोगाशी लढायला शरीराला ज्यांची गरज, त्याच या पेशी. निरोगी माणसात त्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या, किंवा फुफ्फुसाबाहेर पसरलेला टीबी, बुरशीचा मेंदूज्वर, अन्ननलिकेतली पांढरी बुरशी असलं काही झालं, की त्याला एड्स म्हणतात.

भाऊ त्या टोकाला पोचल्यावरच आम्हाला कळलं. पोटाचा टीबी झाला होता. पेशी ३८ भरल्या. हा आकडा मला मरेपर्यंत आठवेल. शेवटच्या महिन्यात त्याला पाणी पाजायचं तर मी चमच्यानं थेंब थेंब सोडायचो, कारण तोंड आतून सोललं होतं. २००६ साली तो गेला. सरकारच्या मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या १ एप्रिल २००४ ला सुरू झाल्या होत्या खऱ्या, पण सुरुवात देशातल्या आठच रुग्णालयांत झाली. आमच्यापर्यंत त्याची बातमीच आली नाही. दोन वर्षांनी वहिनी गेली.

पोरगं मागं राहिलं. आईकडून बाळाला लागण होऊ शकते आणि औषध नसेल तर अशी जवळपास निम्मी बाळं दोन वर्षांच्या आत जातात. हा जगला. सात वर्षांचा असताना निमोनियानं आडवा झाला तेव्हा रक्त तपासलं आणि गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा त्याच्याही पेशी १५० च्या आसपास होत्या. म्हणजे एड्स म्हणायचं तर तेव्हा म्हणायला हवं होतं. आज तो बावीस वर्षांचा आहे, आयटीआय झालाय, वायरमनचं काम करतो. अपघाताआधीच्या तपासणीत पेशी ७४२ होत्या, आणि विषाणूभार, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका कमी की मशीनला दिसला नाही. विषाणूभार असा दिसेनासा राहिला की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे दवाखान्यातल्याच मॅडमनी आम्हाला बसवून समजावलं होतं. त्या दिवशी हा लग्नाचं बोलला, पहिल्यांदाच.

गोळी एक, रोज रात्री नऊला. बाटलीवरचा कागद तो नखानं खरडून काढतो, कुणी वाचू नये म्हणून. ती गोळी विषाणू मारून टाकत नाही, त्याची वाढ रोखते. बंद केली की तो काही आठवड्यांत परत डोकं वर काढतो आणि असे खंड पुन्हा पुन्हा पडले तर तीच गोळी पुढं लागू पडेनाशी होते. तेवीस दिवसांनंतरच्या तपासणीत विषाणूभार दिसला. नियमित गोळ्यांनी तो पुन्हा खाली यायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत माझी बायको नीट झोपली नाही.

कायदा आहे, साहेब. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. वीस किंवा जास्त माणसं काम करतात त्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी हवा, आणि अशा तक्रारींसाठी राज्यानं लोकपाल नेमायचा आहे. आम्ही त्या दवाखान्यात तक्रार अधिकारी कोण म्हणून तीन टेबलांवर विचारलं. तिन्ही ठिकाणी आमच्याकडं नुसतं बघत राहिले. म्हणून मागणी करतो: जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत, केसपेपर काढतात त्या खिडकीशेजारी तक्रार अधिकारी आणि लोकपाल यांचे नाव-नंबर मोठ्या अक्षरांत लावा. केसपेपरच्या दर्शनी भागावर आजार लिहिणं बंद करा. हातमोजे काही एका पेशंटसाठी नसतात, प्रत्येकासाठीच घालायचे असतात. मग लाल शाई कशाला? आणि शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना हे दोन शब्द वेगळे शिकवा. त्याला एक दुपार पुरते.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर आमच्या तालुक्यातून टोळ्या सांगली, कोल्हापूर, बेळगावकडं निघतात, त्या पाडव्याच्या आगेमागे परत येतात. त्यात गोळी चालू असलेल्या बाया आहेत, गडी आहेत. माझ्या ओळखीची एक बाई महिन्याची बाटली घेऊन गेली आणि ती संपल्यावर गोळ्या मिळतात त्या केंद्रावर आलीच नाही. कशी येणार? उचल घेतलेली, एक दिवस खाडा केला की पैसे कापतात, आणि मुकादमाला काय सांगायचं? कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, गोळी घेतानाही तिला पाठ फिरवावी लागते. पूर्वी सीडीफोर बराच खाली गेल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत. २०१७ पासून लागण कळली की लगेच सुरू करायचं धोरण आलं, फार चांगलं झालं. पण सुरू केलेली गोळी फडात पोचायला हवी. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना टोळी निघायच्या आधी किमान तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या. उरलेल्या दिवसांसाठी कारखान्याजवळचं केंद्र ठरवून, कार्डावर त्याचा पत्ता लिहून द्या. आणि बाटलीऐवजी साध्या, नाव नसलेल्या डबीत द्या.

यंदाच्या उचली वाटून झाल्या आहेत. दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत गाड्या भरायला लागतील. गोळ्यांचं त्याआधी झालं तर या हंगामाला उपयोग.

आपला,
केज तालुक्यातील एक शेतकरी, जि. बीड