आशिष, मशीनचं बिल सापडलं

चि. आशिष,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू आपटलास की रेंज गेली ते मला कळलं नाही, मी रेंजच गेली असं धरून चालले, मोशीला तुमच्या पार्किंगमधे जातेच. पण परत तुझा फोन आला नाही, आज बुधवार. म्हणून लिहायला बसले. बोलायला लागले की मला रडू येतं आणि मी रडले की तू चिडतोस, त्यापेक्षा हे बरं. रात्री इव्हा झोपली की निवांत वाच. ऑफिसात वाचू नकोस.

आधीच सांगते, लेक्चर देणार नाहीये. फक्त काय झालं ते नीट सांगते, कारण फोनवर तू मला पूर्ण बोलूच दिलं नाहीस.

नाताळच्या आदल्या दिवशी वॉशिंग मशीन आलं तेव्हा मी किती खूश होते तुला माहितीये, शेजारच्या डिसूझाबाईंना बोलावून दाखवलं, म्हटलं माझ्या लेकाने पाठवलंय, माझे गुडघे दुखतात म्हणून. डिलिव्हरीवाल्याने सही मागितली, मी केली. मग बसवायला तो मुलगा आला, तो म्हणाला आजी वॉरंटीला बिल लागेल, जपून ठेवा. मी म्हटलं बिल मुलाकडे असेल. आणि मागच्या शनिवारी खोकं आवरताना थर्माकोलच्या खाली प्लास्टिकच्या पाकिटात बिल निघालं. चष्मा लावून दोनदा वाचलं. ३८,५०० रुपये. पत्ता माझा, घोरपडीचा, नाव माझं, आणि पैसे भरणाऱ्याच्या जागी भोसरीचं कुठलंतरी इंजिनिअरिंग वर्क्स. तुझं नाव कुठेच नाही.

मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, "काही नाही गं मम्मी, ऑफर होती." आणि मी परत विचारल्यावर म्हणालास, अगं व्हेंडर आहे, आमच्या कंपनीला माल पुरवतो, दरवर्षी सगळ्यांनाच देतो, चहापाणी समज.

चहापाणी! आशिष, आपल्या पुण्यात १८९० साली टिळक-रानडे वगैरे मोठी मंडळी पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमधे चहाला गेली होती तर केवढा गहजब झाला, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं, नुसत्या एक कप चहाचं. आजोबा ही गोष्ट किती रंगवून सांगायचे आठवतंय ना. आणि आता चहापाणी म्हणून सात किलोचं मशीन घरी येतं आणि कोणाला काही वाटत नाही.

बरं, मला चहाचं सांगायचं नाहीये. मला एवढंच विचारायचंय की उद्या कोणी येऊन मला विचारलं, बाई हे मशीन कोणी घेतलं, तर मी काय सांगू?

तू हसशील. म्हणशील कोण येतंय घोरपडीत विचारायला. पण रविवारपासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. भाजी निवडताना पण मी उत्तर शोधत बसते. लेकाने घेतलं म्हटलं तर खोटं, आणि व्हेंडरने दिलं म्हटलं तर तुझी नोकरी. बायबलमधल्या प्रेषितांच्या पाचव्या अध्यायातली ती सप्पीरा आठवते, नवराबायकोने जमीन विकली आणि थोडे पैसे मागे ठेवून सगळे दिले असं सांगितलं ती. लोक म्हणतात त्यांनी पैसे मागे ठेवले म्हणून शिक्षा झाली, पण तसं नाहीये, पेत्र तर सरळ म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते, कोणी जबरदस्ती केली नव्हती. शिक्षा झाली ती खोटं बोलल्याची. नवरा आधी मेला, आणि तीन तासांनी ती आत आली, तिला काही माहितीच नव्हतं, आणि पेत्राने विचारलं, एवढ्यालाच जमीन विकली का? ती म्हणाली, हो एवढ्यालाच. मी इतकी वर्षं संडे स्कूलमधे हा धडा शिकवला, कधी त्या बाईचा विचार केला नाही. घरातल्या माणसाला सांभाळायला हो म्हणाली असेल ना बिचारी. मी पण म्हणेन, आशिष. तीच भीती आहे मला, की वेळ आली तर तुझ्यासाठी मी पटकन हो म्हणेन.

झालं बघ लेक्चर सुरू. सॉरी.

तुझा एकदम राग नाही आला मला. आधी वाटलं याला पैशाची अडचण असेल. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता किती जातो ते तू मला कधी सांगत नाहीस, रेश्माचा जॉब मधे सहा महिने नव्हता, इव्हाच्या शाळेची फी. अडचण असेल तर मला सांग, पप्पांच्या एफडीतले आहेत, ते काय मला वर न्यायचेत? पण मग वाटलं, अडचण असलेला माणूस मशीन घेत नाही, पैसे घेतो. म्हणजे हे अडचणीचं नाही, हे सवयीचं आहे. "सगळेच घेतात" असं तू ज्या आवाजात म्हणालास ना, तो सवयीचा आवाज होता. आणि मग डोक्यात आलं, माझ्याकडे मशीन आलं, तुझ्या घरी काय काय आलंय? तो मोठा टीव्ही? नाही, मी विचारत नाहीये. सांगू नकोस.

तुला आठवतं का, तू सातवीत असताना नाताळच्या नाटकात गेहजी झाला होतास. पाळकसाहेबांचा मुलगा अलीशा आणि तू त्याचा नोकर. आजीची चादर अंगावर. नामान कोडातून बरा होतो, संदेष्ट्या अलीशाला भेटी देऊ करतो, अलीशा काही घेत नाही, आणि गेहजी हळूच मागून पळत जाऊन दोन किक्कार चांदी आणि दोन पोशाख घेऊन घरात लपवतो. परत आल्यावर अलीशा विचारतो, गेहजी, कुठून आलास? आणि तुझं एकच वाक्य होतं, "आपला दास कुठेच गेला नव्हता." ते तू इतक्या भोळ्या चेहऱ्याने म्हणालास की सगळी मंडळी हसली, पप्पा तर डोळे पुसत होते हसून हसून. मग गेहजीला शिक्षा म्हणून तेच कोड लागतं, त्यासाठी आम्ही तुझ्या तोंडाला टाल्कम पावडर फासली आणि तुला शिंका सुटल्या.

रविवारी "काही नाही गं मम्मी, ऑफर होती" हे तू अगदी त्याच आवाजात म्हणालास. मला हसू नाही आलं.

पप्पा असते तर त्यांनी काय केलं असतं मला माहीत नाही. तू म्हणशील ते तर एकदम चोख होते. कंडक्टरची नोकरी, स्वारगेट-हडपसर, खांद्याला बॅग, रोज रात्री कॅश भरायची, वेबिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाशी, मेळ नाही बसला आणि कमी पडले तर आपल्या खिशातून. जास्त निघाले तरी विचारणा, कारण मग तिकीट न फाडता पैसे घेतले असा संशय. सगळं खरं. पण आता सांगतेच, तुला कधी सांगितलं नव्हतं. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो, आणि बरेच लोक बाकी न घेताच उतरतात. ती चिल्लर पप्पा डेपोत जायच्या आधी बॅगेतून काढून घ्यायचे, बाराआणे, रुपया, दोन रुपये, आणि घरी दूधपावडरच्या डब्यात टाकायचे. मला माहीत होतं. मी कधी बोलले नाही. तुझी पाचवीची कंपासपेटी त्याच डब्यातून आली. वडापाव तर कितीदा.

हे मी का लिहिलं मला कळत नाही. खोडून टाकणार होते. तू म्हणशील बघ, तुम्ही पण घेतलेच. हो घेतले. आणि मग एक वर्ष उपवासकाळात पाळकसाहेबांनी जकातदार जक्कयावर उपदेश केला, ज्याच्याकडून अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देतो असं जक्कय म्हणतो तो, आणि घरी येताना पप्पा रास्ता पेठेपासून घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, जक्कयाला निदान कोणाकोणाचे घेतले ते तरी माहीत होतं, मी कोणाला शोधू? पुढच्या रविवारी तो डबा दानपेटीत रिकामा केला. चिल्लरीचा केवढा आवाज झाला, लोक वळून बघायला लागले, मला इतकी लाज वाटली. त्यानंतर डब्यात मी साखर ठेवायला लागले.

पण चार आणे विसरणाऱ्याने विसरलेले असतात. हे मशीन कोणी विसरलेलं नाही, आशिष. त्या भोसरीच्या माणसाने ते हिशोबात लिहून ठेवलंय.

शांतवन मामाचं तुला आठवत नसेल, तू पॉलिटेक्निकला होतास तेव्हा. त्याची भोसरीतली दोन लेथची शेड. ४५ दिवसांचा कायदा त्याला वचनासारखा पाठ होता, २००६ चा, छोट्या कारखान्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, आणि त्याचे पैसे चार-चार महिने अडकायचे. एका दिवाळीला त्याने एका कंपनीच्या परचेसवाल्याला ५ ग्रॅमचं सोन्याचं नाणं दिलं, बिल निघावं म्हणून. आणि शेडवरच्या दोन पोरांचा बोनस दिवाळीनंतर देतो म्हणाला. त्यातल्या एकाची बायको लहान बाळ घेऊन मामीकडे आली होती, मी तिथेच होते, करंज्या करत होतो आम्ही. मामीने तिला करंज्यांचा डबा दिला. ती डबा घेऊन गेली, काही बोलली नाही. मामा त्या परचेसवाल्याला काय काय शिव्या द्यायचा ते मी इथे लिहू शकत नाही.

तू परचेसला लागलास तेव्हा मी सगळ्या मंडळीला पेढे वाटले. मामाला पण नेऊन दिले. तो म्हणाला, चांगलं झालं, आता आपलं पोरगं आहे तिथे, आता तरी पोरांची बिलं वेळेवर निघतील. मला तेव्हा किती अभिमान वाटला होता. अजून वाटतो, तू रागावू नकोस, अजून वाटतो. आपल्या घरात पहिला इंजिनिअर, आणि चाकणसारख्या ठिकाणी एवढी मोठी पोस्ट.

फक्त मला हे सांग की त्या माणसाचा माल खराब निघाला तर तू लॉट परत पाठवशील का? बायबलात निर्गमात लिहिलंय की लाच डोळसाला आंधळं करते. आंधळा लाच घेतो असं नाही लिहिलेलं, चांगलं दिसत असलेल्याला आंधळं करते. तूच मागे सांगत होतास की तुमचे पार्ट ब्रेकच्या असेंब्लीत जातात. रोज किती गाड्या कात्रजच्या घाटातून उतरतात. मी झोपेतून उठून बसते रे.

आणि तुमच्या कंपनीतच ते गिफ्टचं ऑनलाइन ट्रेनिंग झालं होतं ना, तू इव्हाला मांडीवर घेऊन शंभर टक्के मार्क मिळवलेस आणि सगळ्यांना दाखवलंस. त्यात काय लिहिलं होतं? घरच्यांच्या नावाने आलेलं चालतं असं लिहिलं होतं का? कोणी विचारलं तर मी काय सांगू हा प्रश्न त्या परीक्षेत होता का?

टोमणा मारला. माफ कर. मी ठरवलं होतं की प्रेमाने लिहायचं.

मला काय हवंय ते सांगते. त्या माणसाला फोन करून मशीन परत न्यायला सांग. तो नको नको म्हणेल, राहू द्या साहेब, आईला दिलंय म्हणेल. तरी सांग. नाहीच नेलं तर तुझ्या कंपनीत जे कोणी हे बघतात त्यांना लेखी कळव की असं असं आलं होतं. नवीन म्हणून परत करता येणार नाही, मी त्यात चार वेळा कपडे धुतलेत, एकदा तर पडदे. जक्कयाच्या हिशोबाने त्याचं किती होतं ते तू काढ, तुझं गणित चांगलं आहे. नोकरीला काही झालं तर काय, याचा विचार मी केलाय. रात्रभर केलाय. एफडी मोडू. तू घरी ये, इथे दोन खोल्या आहेत.

पण तसं होऊ नये म्हणून रोज प्रार्थना करते, खोटं कशाला बोलू.

मशीनचा पाइप काढून ठेवलाय, त्यातलं थोडं पाणी सांडलं, लादी पुसली. पडदे ओलेच होते, दोरीवर टाकलेत. खोकं फाटलंय पण थर्माकोल सगळा जपून ठेवलाय मी, पलंगाखाली, पहिल्या दिवसापासून. एवढा आनंद झाला होता तरी का ठेवला काय माहीत.

शनिवारी टेम्पो घेऊन ये. भाडं मी देणार. इव्हाला आण, तिच्यासाठी कानवले ठेवलेत, आणि मटण करते, जेवून जा. रेश्माला सलाम सांग. तिला हे माहीत आहे का, तेवढं मात्र मला आधी कळव.

तुझी,
मम्मी